पायाशी दगडांचं पोतं

जुन्नरच्या अड्ड्यावरचा तो धिप्पाड टांगेवाला पोटाच्या ऑपरेशननंतर पार वाळून कामावर परतला, तेव्हा त्याच्या टांग्यात बसायला कोणी धजेना. मी बसलो, मी तेव्हा चांगलाच जाड होतो. त्याच्या पायाशी दगडांचं पोतं होतं.

"हे कशाला?"

"माझं जुनं वजन हाय, राव. फुडं भार नसला तर टांगा मागं उलाळतो."

येडगावच्या वाटेवर चढाला टांगा उलाळलाच. घोड्याचे पुढचे पाय सुटू लागले. मी घाबरून पुढे सरकलो, तसा तो पोट दाबून दांडीवर वाकला आणि घोड्याचे पाय पुन्हा टेकले.

"मागंच बसा. गिऱ्हाइकाला टांगा सावराया लागला, तर उद्या कोन बसंल?"

आम्ही पोचलो. तो माझ्यासाठी थांबला होता, तरी परतताना मी दुसऱ्या टांग्यात चढलो. त्याने ते पाहिलं आणि पोत्यात आणखी एक दगड घातला.