झिजलेली पेन्सिल

घाटकोपरच्या आमच्या चाळीतला हा गिरणी कामगार शेजारी कुणावरच विश्वास ठेवत नसे. दुधात बोट बुडवून चाखल्याशिवाय भय्याला सोडायचा नाही. आई नसलेली त्याची मुलगी गावी त्याच्या भावाकडे राहायची. तिच्या शाळेसाठी हा दरमहा मनीऑर्डर करायचा. गावचं कुणी आलं, की तिची पाटीवर झिजलेली पेन्सिल मागून घ्यायचा. मला तो चिक्कूपणाच वाटायचा.

गणपतीनंतर आलेल्या त्या भावानं तसा तुकडा दिला. यानं टोकावरून अंगठा फिरवला आणि भाऊ गेल्यावर मला म्हणाला,

“लिवन तिरकी झिजता. ही सपाट हा, दगडार घासल्यानी. माजा चेडू शाळेत जाणा नाय.”

“मग पैसे बंद कर ना!” मी चिडून म्हटलं.

“बंद केलंय तर तिचा जेवण बंद करतीत,” म्हणत त्यानं शर्ट चढवला आणि पोस्टात गेला.