व्याह्यांना दाखवलेला रस्ता

माझ्या व्याह्यांना मी एक रस्ता दाखवायला नेलं आणि तो रस्ता तिथं नव्हता.

व्याही म्हणजे माझ्या मानसीचे सासरे, मुकुंदराव. पुण्याचे, निवृत्त इंजिनियर, वय बासष्ट, पोट नाही. (त्यांच्याशी बोलताना मी आपोआप श्वास आत ओढून धरतो, त्यामुळे आमचं बोलणं फार लांबत नाही.) मध्यंतरी ते थोरल्या मुलाकडे परदेशात राहून आले आणि येताना सायकलचं वेड घेऊन आले. तिकडे म्हणे बंद पडलेल्या रेल्वेचे रूळ उचलतात, त्या जागी बारीक खडी पसरतात आणि लोक त्यावरून शेताशेतांतून दिवसभर सायकली चालवतात. चढ नाही, मोटारी नाहीत.

पौषात ते आमच्याकडे महाडला दोन दिवस आले, ते गाडीच्या मागे दोन सायकली बांधूनच. सकाळी पोहे खाताना त्यांनी त्या खडीच्या रस्त्यांचं पुन्हा एकदा वर्णन केलं आणि शेवटी म्हणाले, "आपल्याकडे असं काही होणं शक्यच नाही, सुधाकरराव."

आता हे ‘आपल्याकडे’ त्यांनी देशाबद्दल म्हटलं असावं. मला ते रायगड जिल्ह्याबद्दल वाटलं.

"आमच्याकडे आहे," मी म्हणालो.

सुनंदा, म्हणजे माझी बायको, पोह्यांवर खोबरं घालत होती. तिचा हात थांबला.

मी सांगितलं. बिरवाडीच्या कारखान्यात कारकून म्हणून चिकटण्याआधी, चोविसाव्या वर्षी, मी रेल्वेच्या कामावर एका ठेकेदाराकडे हजेरी कारकून होतो. वीर स्टेशनापासून मुंबईच्या बाजूला, आम्ही रुळांच्या कडेनं डंपरसाठी खडीचा रस्ता केला होता. सपाट, दोन्ही बाजूंना शेतं, मागे डोंगर.

"आणि अजून आहे तो?" मुकुंदरावांचे डोळे चमकले.

"जाईल कुठं?"

"तुम्ही शेवटचे कधी गेला होतात तिथं?" सुनंदानं विचारलं.

"मागच्याच," एवढं म्हणून मी पोह्यांचा घास घेतला. ‘शतकात’ हा शब्द घासाबरोबर गिळला.

मुकुंदरावांनी मला त्यांची जादा सायकलची चड्डी दिली. तिच्या आत बुडाला उशी शिवलेली असते. ती घालून बाहेर आलो तर सुनंदा शांतपणे म्हणाली, "वरून लेंगा घाला. आपल्याला या गावात राहायचंय." मी लेंगा घातला.

वीरला स्टेशनाबाहेर गाडी लावली आणि निघालो. पहिला एक किलोमीटर खरोखर सुरेख होता. जाड टायरखाली खडी करकरत होती, भात काढलेल्या शेतांत वाल लावलेला होता, आणि मी तीस वर्षांनी सायकलवर असूनही अजून पडलो नव्हतो. एक मोरी लागली. तिचं काम चालू असताना मी छत्री धरून उभा असायचो. "ही आमची," मी मागे वळून म्हणालो. मुकुंदराव कौतुकानं मोरीकडे बघत राहिले. मला भरून आलं.

भरून आल्यामुळे असेल, लेंग्याकडे दुर्लक्ष झालं. पुढच्या वळणावर त्याचा उजवा पाय साखळीत गेला आणि मी करवंदीच्या जाळीत. मुकुंदरावांनी सायकल उलटी करून, पॅडल मागे फिरवून लेंगा सोडवला. तो तीन तुकड्यांत निघाला. तेव्हापासून मी उशीच्या चड्डीवर.

पुढे रस्ता अरुंद झाला, मग पायवाट झाली, मग गुडघाभर उंचीचा खडीचा एक लांबच लांब बांध आडवा आला. त्यावर गवत माजलं होतं.

"हा मार्गाचाच भाग का?" मुकुंदरावांनी विचारलं.

"तात्पुरता टाकला असेल कुणीतरी," मी मान डोलावत म्हणालो.

आम्ही सायकली उचलून पलीकडे ठेवल्या. पलीकडे उतार होता. मी स्वार झालो, वेग वाढला, घाबरून दोन्ही ब्रेक एकदम दाबले. सायकल जागच्या जागी थांबली. मी थांबलो नाही. तिच्या डोक्यावरून जाऊन वालात पालथा पडलो आणि उतारानं आणखी चार हात घसरत गेलो.

"कोन हाय रे तो?"

वालाच्या ओळीत एक म्हातारी उभी राहिली. सत्तरीच्या पुढची, कासोटा मारलेली, हातात विळा. माझ्याकडे, मग माझ्या चड्डीकडे, मग मोडलेल्या वेलांकडे तिनं क्रमानं पाहिलं.

"काकी, इथं रस्ता होता," मी पडल्या पडल्या म्हणालो.

"होता. तीस वर्सं झाली. तू आता येतंस?"

मी उठून बसलो. मुकुंदराव धावत आले, त्यांनीही सांगितलं की आम्ही रस्त्यावरूनच येत होतो. मी जोरजोरात मान डोलावली. म्हातारी जवळ आली आणि वाकून माझ्या तोंडाकडे बघायला लागली.

"तू हजेरीवाला सुधाकर ना रे?"

मला नाही म्हणायला वेळच मिळाला नाही.

"मान बघ कशी डोलवतोय. तवा पन अशीच डोलवून बोललास, काकी, शेत रस्त्याला दे, तुज्या दारात टेशन होनार हाय."

मग मला ती आठवली. भागीकाकी. वाडीतल्या बाकीच्यांनी रस्त्याला जागा दिली होती, हिचं शेत तेवढं मधे अडलं होतं. ठेकेदार म्हणाला, तू गोड बोलतोस, जाऊन बोल. मी गेलो, तिच्या ओट्यावर चहा प्यालो आणि स्टेशन देऊन आलो. फलाट कुठं येईल तेही हातानं दाखवलं होतं. खोटं बोलतोय असं तेव्हा वाटलंसुद्धा नाही. कागदावर तिथं काहीच नव्हतं, पण चोविसाव्या वर्षी मला वाटायचं, रेल्वे येतेय म्हणजे सगळंच येईल.

"काम झाल्यावर रस्त्याचं काय केलंत?" मुकुंदरावांनी तिला विचारलं.

"काय करनार? मानसं गेली, खडी रायली. आमी दोगांनी वेचली. तीन उन्हाळे. टोपलीनं." तिनं विळ्यानं वर दाखवलं. "तो काय बांध. मग तलावाची माती आनून टाकली, तवा हितं वाल झाला."

मघाशी ज्याला मी तात्पुरता म्हणालो होतो, तो बांध. मी त्याच्याकडे बघू शकलो नाही.

तेवढ्यात मुंबईकडून गाडी आली. आमच्या समोरून धडधडत वीरकडे निघून गेली. तिघंही बघत राहिलो.

"माजा पोरगा हिच्यानंच येतो," भागीकाकी म्हणाली. "दारात उभा राहून हात दाखवतो. मी हितनं दाखवते. मग तो वीरला जाऊन उतरतो आनि रिक्षा करून परत मागं येतो."

ती हे तक्रारीनं म्हणाली नाही. म्हणून जास्त लागलं.

"काकी, चुकलं माझं," मी म्हणालो. "मी खोटं सांगितलं होतं."

"ता म्हायत हाय," ती म्हणाली. "ह्यांनी तवाच सांगितलं होतं, कारकुनाच्या सांगन्यावर गाडी थांबत नाय. पन तू पोरगा चांगला वाटलास." मग मोडलेल्या वेलांकडे बघून, "आता मोडलंस तेवड्या शेंगा तोडून दे. वेलावर सुकवून काय उपेग?"

आम्ही दोघं व्याही वालात उकिडवे बसलो आणि शेंगा तोडायला लागलो. मुकुंदराव माझ्याकडे पाठ करून बसले होते. मला वाटलं, संपलं. मानसीच्या सासरी आता आपली काय किंमत राहणार? तेवढ्यात ते हलक्या आवाजात म्हणाले, "मी धरणाच्या कामावर होतो, सुधाकरराव. लोक उठायला तयार नव्हते. मी त्यांना सांगितलं होतं, नव्या गावात नळाला चोवीस तास पाणी येईल."

"मग?"

"मी परत कधी बघायला गेलो नाही."

एवढं बोलून ते पुन्हा शेंगा तोडायला लागले. त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलताना मी श्वास आत ओढत नाही.

टोपली भरली. भागीकाकीनं कोरा चहा दिला, निम्म्या शेंगा आमच्याच पिशवीत घातल्या आणि सुनेचा एक जुना परकर मला देऊन म्हणाली, "टेशनावर असा नको जाऊस." सायकली ढकलत आम्ही वीरला परत आलो. परकरात सायकल चालवायची हिंमत माझ्यात नव्हती.

आता दर पौषात मी तिच्याकडे शेंगा तोडायला जातो. मुकुंदरावही एकदा आले. भागीकाकीनं सगळी गोष्ट वाडीभर सांगितली आहे, त्यामुळे मी दिसलो की ओट्याओट्यावरून हाक येते, "टेशनमास्तर आले." सुरुवातीला मला लाज वाटायची. मी घरी येऊन सुनंदाला सांगितलं, तर ती वाल सोलता सोलता म्हणाली, "वाईट काय वाटून घेता? जन्मभर कारकून राहिलात. बढती मिळाली ती घ्या."