पाऊण इंच

निपाणीचा ट्रंक कॉल बेळगावच्या आमच्या मोजणी कचेरीत आला तेव्हा सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. फोनवर आक्काची शेजारीण मालूबाई होती. "अण्णा, आक्का गेल्या," म्हणाली, आणि मी काही विचारायच्या आत पुढचं वाक्य जोडलं, "सुटल्या बिचाऱ्या." दीड वाजता मी निपाणीत उतरलो तोवर ते वाक्य गल्लीभर झालं होतं. संध्याकाळपर्यंत मी ते चौदा तोंडांतून ऐकलं. मोजायची सवय आहे, म्हणून आकडा सांगतो. आक्का, माझी थोरली बहीण, पंधरा दिवसांच्या काविळीनं गेली. पण लोक सुटली म्हणत होते ते तिच्या पायाच्या दुखण्यातून. गेली आठ वर्षं याच तोंडांनी त्या पायाला काही झालेलंच नाही असं तिला ऐकवलं होतं. जे नव्हतंच, त्यातून ती सुटली कशी? विचारण्यात अर्थ नव्हता. शिवाय पंधरावं तोंड माझं होतं, आणि त्या दिवशी ते मी मिटून ठेवलं, एवढाच काय तो फरक.

आक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. लग्नानंतर चौथ्याच वर्षी नवरा गेला. सासरच्यांनी 'आता तुझं कसं व्हायचं' असं इतक्या वेळा विचारलं, की ती शिलाई मशीन घेऊन निपाणीत एका सोप्यात वेगळी राहायला गेली. तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायकांचे चोळ्या-परकर ती शिवायची. माप एकदा घेतलं की डोक्यात राहायचं, वही नाही. समोरून बाई येताना दिसली की म्हणायची, "ही आली चौतीस-अठ्ठावीस, आता म्हणंल घट्ट झालं. मशीन काय आटलं न्हाय, तू फुगलीयास!" मशीन पायाचं होतं आणि तिचं जगणं त्या पायडलवर होतं. उजव्या खुब्याचा सांधा झिजला, तेव्हा तिला पहिली भीती वाटली ती पायडलची. आणीबाणी उठून दोन वर्षं झाली होती. परगावच्या एका मोठ्या इस्पितळात त्या काळी खुबा बदलायची शस्त्रक्रिया व्हायला लागली होती. मी तिला घेऊन गेलो. बावीस दिवस तिथं होतो. येताना ती कुबडीवर, पण हसत आली.

ते हसू सात आठवडे टिकलं. मग कंबर धरली. पाठोपाठ कुल्ल्यातून मांडीच्या मागनं पोटरीपर्यंत आग सुरू झाली आणि अंगठा बधिर झाला. डॉक्टर विचारायचे, "कसं दुखतं?" ती सांगायची, "चुण्या घालताना दोरा ओढला की कापड गोळा होतंय बघा, तसं कमरंत गोळा होतंय. आन् दोरा कुणीतरी अंगठ्याकडनं ओढाय लागलंय." इतकं नेमकं वर्णन मी आजवर ऐकलेलं नाही. बेळगावच्या एका नामांकित डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला, सांधा सुरेख बसलाय म्हणाले आणि तिच्याकडं न बघता मला म्हणाले, "एकट्या राहतात ना? मनाचं असतं बरंच." त्यांनी फोटो तपासला, पाय तपासला नाही. खाटेवर झोपवून टाचेला टाच लावायला किती वेळ लागतो? अर्धं मिनिट. तेवढा त्यांच्याकडं नव्हता. आणि मी? मी बाहेर आल्यावर म्हणालो, "आक्का, फोटोत सगळं सरळ आहे. मग दुखतं कसं?" ती माझ्यापुढं मोटार स्टँडकडं चालायला लागली…

मग बघायला येणारे सुरू झाले. आमच्याकडं आजाऱ्याला बघायला येणारा माणूस बिस्किटाचा पुडा आणि एक इलाज घेऊन येतो. पुडा तरी खाता येतो. कुणी बिब्बा घालायला सांगितला, कुणी निर्गुडीचा शेक, कुणी विटा तापवून आणल्या. एका बाईनं करणीचा संशय घेतला आणि ती कुणी केली असावी त्यांची नावंही आणली, पाच. एक सोयरा म्हणाला, शस्त्रक्रियाच करायची नव्हती. हे त्याला ती झाल्यावर दहा महिन्यांनी सुचलं. या सगळ्यांना मी मूर्ख म्हणू शकलो असतो, पण सर्वांत मोठा मूर्खपणा मी स्वतः बेळगावहून घेऊन गेलो. आमच्या कचेरीतला शिपाई परसू, राहणार कडोली, पायाळू होता, म्हणजे जन्मताना पायांकडून बाहेर आलेला. कमरेत उसण भरली की अशा माणसाच्या पायानं तीन लाथा लावून घेतात, हे सगळ्यांना माहीत आहे. कचेरीतल्या दोन कारकुनांची उसण त्यानं घालवली होती. दोनपैकी दोन, म्हणजे शंभर टक्के! या हिशेबावर मी, जमिनीचा इंच न् इंच मोजून खाणारा माणूस, परसूला रविवारच्या पहिल्या गाडीत घालून निपाणीला नेलं.

आक्कानं आधी परसूकडं बघितलं, मग माझ्याकडं. "खरंच?" एवढंच म्हणाली. मी म्हणालो, "करून बघायला काय जातंय?" काय जातं ते थोड्या वेळात कळलं. लाथ हलकीच होती, परसू भला माणूस. पण त्यासाठी तिला जमिनीवर पालथं झोपावं लागलं. खाली बसायचं नाही असं तिला इस्पितळात बजावलं होतं आणि मीच ते कागदावर लिहून घेतलं होतं. तिला उठवायला परसू, मी आणि मालूबाई, तिघं लागलो. नंतर अकरा दिवस ती खाटेवर होती. मशीनवर कापड घातलेलं. बाराव्या दिवशी मी गेलो, तर म्हणाली, "मोजणीवाल्यानं मोजून तीन लाथा आणल्या मला. चौथी का विसरलास रं?"

शेवटी निदान केलं ते तिनंच. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या आधी तिनं स्वतःसाठी परकर शिवला. वीस वर्षांच्या जुन्या मापानं. घातला, तर डावीकडनं जमिनीवर लोळायला लागला. आक्काची कात्री चुकते हे तिला पटेना. तिनं घोळ उसवला, पुन्हा घातला. मग तो परकर आडवा पसरून मोजला. सगळीकडं छत्तीस. अंगावर चढवला की डावीकडं खाली. मी त्या दिवशी तिथंच होतो, चहा पीत. तिनं गळ्यातली टेप काढून माझ्या पुढ्यात टाकली आणि खाटेवर सरळ झोपली. "धर. कमरंच्या ह्या हाडापासनं घोट्यापर्यंत. आधी डावा."

डावा पस्तीस भरला. उजवा पस्तीस आणि पाऊण. मी पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. शिवारात वाद असला की आम्ही तिसऱ्यांदा मोजतो.

"किती?"

"पाऊण इंच. उजवा लांब."

"म्हंजे दीड वर्स मी तिरकी हुभी हाय. आन् तुमी समदी मला सरळ हो म्हणताय." ती रडली नाही. मला वाटतं, त्या क्षणी ती खूश होती. छताकडं बघत म्हणाली, "मनाचं म्हणं! मन काय पाऊण इंचानं वाढतंय व्हय रं?"

तो आकडा मी बेळगावच्या डॉक्टरांना सांगितला. ते म्हणाले, "हो, राहतो थोडा फरक कधी कधी. शीर ताणली जाते, कंबर कलते." त्यांना माहीत होतं! पाठ असलेलं उत्तर होतं ते, फक्त तिच्या तोंडावर कुणी दिलं नव्हतं. त्यांच्याबद्दल याहून जास्त लिहायची माझी इच्छा नाही.

निपाणीतल्या चपला बांधणाऱ्या एका कारागिरानं तिच्या डाव्या चपलेला चामड्याचे थर चढवले. आधी अर्धा इंच, महिन्यानं पाव. कंबर निम्म्यानं शांत झाली. शिरेची आग मात्र गेली नाही, शेवटपर्यंत नाही. ती तिनं दिवसभरात वाटून घेतली. घड्याळ लावून पंचवीस मिनिटं मशीन, तेही एकट्या डाव्या पायानं पायडल मारत. मग उठून सोप्यातून परसदारच्या तुळशीपर्यंत अकरा फेऱ्या. मग फळीवर कुशीला वळून, दोन गुडघ्यांत गोधडीची घडी घालून, दहा मिनिटं पडायचं. पुन्हा मशीन. पूर्वी दिवसाला सात चोळ्या व्हायच्या, आता चार. "चार तर चार," म्हणायची, "पर माझ्या मशीनवर." टेप तिनं दारात खिळ्याला अडकवून ठेवली होती. कुणी नवा इलाज घेऊन आलं, की ती काढून हातात द्यायची. "आधी माप घ्या, मग सांगा." माप कुणी घेतलं नाही. बिस्किटाचे पुडेही हळूहळू बंद झाले.

तेराव्याला तिच्या वस्तू वाटल्या. मशीन मालूबाईच्या सुनेनं नेलं, पातळं बायकांनी वाटून घेतली. चपला कुणाला तरी द्याव्यात अशी रीत आहे. दोन बायकांनी घालून बघितल्या आणि लगेच काढल्या. एक म्हणाली, "ह्या कुणाच्या कामाच्या? वाकडं चालाय हुतंय." म्हणून त्या माझ्याकडं आल्या.

पाच आठवडे झाले. परवा घरात कुणी नसताना मी त्यात पाय घातले. अर्धी टाच बाहेरच राहिली, तरी उभा राहिलो. सोप्यातून परसदारापर्यंत अकरा फेऱ्या घालायच्या ठरवल्या होत्या. माझे दोन्ही पाय सारखे आहेत, त्यामुळे आता पाऊण इंच मला चढत होतं. चौथ्या फेरीला उजव्या कमरेत काहीतरी गोळा व्हायला लागलं. सहाव्याला मी भिंत धरली…

बायको बाजारातून आली. मला तसा उभा बघून तिनं विचारलं, "काय झालं, दुखतंय का?"

मी व्हय म्हणालो. आणि तिनं लगेच विश्वास ठेवला.