बाजरीच्या कोठीतला बेस

बेस गिटार बाजरीच्या कोठीतून जितकी छान वाजते, तितकी दुसऱ्या कशातूनही वाजत नाही. हे माझं ठाम मत आहे. या मतापायी माझ्या सख्ख्या बहिणीचं लग्न जमता जमता मोडायची वेळ आली होती, तरी मी ते बदललेलं नाही!

गोष्ट बाहत्तर-त्र्याहत्तरची. आम्ही भिंगारला राहत होतो. आमचे नाना छावणीच्या कचेरीत कारकून होते, आणि मी कॉलेजात होतो (म्हणजे नाव होतं). उरलेल्या वेळात, म्हणजे दिवसभर, मी एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचो. ती मला लष्करी बँडमधून निवृत्त होऊन गोव्याला परत चाललेल्या एका भल्या माणसानं दिली होती. मी ती घरी आणली तेव्हा नानांनी चष्मा लावून तारा मोजल्या.

"चारच?"

"बेसला चारच असतात, नाना."

"गिटारला सहा असतात हे मलासुद्धा माहीत आहे. दोन त्यानं काढून घेतल्या आणि तू हसत हसत घेऊन आलास!"

त्या वयात माणसाला मतं फार असतात. माझ्याकडं तर मतांशिवाय दुसरं काही नव्हतंच. गुळगुळीत तार भजनाला बरी, ऑर्केस्ट्राला खरखरीतच हवी, हे एक मत. बोटांनी वाजवावं, प्लॅस्टिकच्या पट्टीनं तारा छेडणारे आळशी, हे दुसरं. आणि तिसरं असं, की जुन्या मळलेल्या तारा उकळत्या पाण्यात घातल्या की पुन्हा नव्यासारख्या टणटणीत बोलतात. (हे खरं आहे. करून बघा, पण पातेलं स्वतःचं घ्या.) एकदा आईनं चुलीवरच्या पातेल्याचं झाकण काढलं. आई पारनेरकडची, सरळ बोलणारी.

"दिन्या, ह्या कसल्या शेवया रं?"

"आई, तारा आहेत त्या. गिटारच्या."

"बरं. शिजल्या की सांग. मला त्या पातेल्यात वरन लावायचं हाय."

पण माझं सगळ्यात कडवं मत होतं आवाजाच्या यंत्राबद्दल. तेव्हा मांडवात कर्णे लावायचे. त्या कर्ण्यातून गाणाऱ्याचा आवाज दोन गावं ओलांडून जाई आणि माझा बेस मात्र सर्दी झालेल्या माणसागत नाकातल्या नाकात राही. म्हणून माझा मित्र सलीम, ज्याचं बाजारात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, त्यानं मला एक अँप्लिफायर बनवून दिला. आत काचेचे वॉल्व्ह होते, आणि सोबत बंद पडलेल्या तंबूतल्या सिनेमाचा परातीएवढा स्पीकर.

"आता याला पेटी पाहिजे," सलीम आमच्या बाहेरच्या खोलीत उभा राहून म्हणाला. "मोठी, मजबूत, आतून पोकळ. आणि लाकडाचीच..."

त्याचं शेवटचं वाक्य मी ऐकलंच नाही, कारण माझी नजर कोपऱ्यातल्या कोठीवर खिळली होती. पत्र्याची, माझ्या छातीएवढी उंच, वर झाकण, खाली धान्य काढायला सरकतं दार. दुष्काळाचं वर्ष होतं, त्यामुळं बाजरी जेमतेम पाव कोठी. म्हणजे तीन हिस्से पोकळ! मी स्पीकर अलगद बाजरीवर ठेवला, वायर झाकणाच्या फटीतून बाहेर काढली आणि जाडी तार छेडली. खिडकीच्या काचा थरथरल्या. ओट्यावर झोपलेलं कुत्रं उठलं, थोडा वेळ विचार केला आणि गल्ली सोडून गेलं. माझ्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं.

"धान्यात कसलं मढं ठेवलंयस?" आई धावत आली.

"आई, या आवाजानं बाजरीत किडे राहत नाहीत."

आईनं मूठभर बाजरी काढून बघितली. किडा खरंच नव्हता. (तो मुळातच नव्हता, पण हे मी कशाला सांगू?) तेव्हापासून स्पीकर कोठीत राहिला.

आता मंगलताईचं. ताई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. तिला तीन ठिकाणांनी पाहून नकार दिला होता, आणि तिन्ही वेळेला ती मागच्या दारी बसून मुकाट्यानं पाहुण्यांच्या बशा घासत होती. मला ते बघवायचं नाही. पण या चौथ्या स्थळाची गोष्ट वेगळी होती. मुलगा संगमनेरच्या बाजूचा, हायस्कुलात विज्ञान शिकवणारा, सुधाकर नावाचा. ताईनं त्याला एका लग्नात पंगतीत वाढताना पाहिलं होतं. म्हाताऱ्या माणसांपाशी तो खाली वाकून "अजून घ्या" म्हणत होता, एवढंच ताईनं मला सांगितलं आणि लाल झाली.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी तिनं मला बाजूला घेतलं. "दिन्या, हे स्थळ मला हवंय. यांनी नको म्हटलं तर मी पुन्हा कुणापुढं पोह्यांची बशी घेऊन जाणार नाही. उद्या तू फक्त काही करू नकोस."

"मी काय करणार?"

"तेच. काही नाही."

मी आईची शपथ घेतली.

पाहुणे रविवारी दहाला यायचे होते. मी सकाळी आठला थोडाच सराव करावा म्हणून बसलो (सराव म्हणजे काही 'करणं' नव्हे!) आणि ऐन रंगात वीज गेली. तेवढ्यात आई ओरडली, "ऊठ तिथनं! शेणसडा राहिला, खुर्च्या मागून आणायच्यात!" मी झाकण लावलं, गिटार कोठीच्या मागं कोठीलाच टेकवून उभी केली आणि खुर्च्या आणायला पळालो. तिथंच मागं ठेवलेल्या अँप्लिफायरचं बटण काही बंद केलं नाही. वीजच नाही तर बंद काय करायचं? आवाजाची चावी तशीच पूर्ण फिरवलेली होती.

आईनं कोठीवर भरतकामाची चादर घातली. चादरीवर शेजारच्या कमळाकाकूंकडून मागून आणलेले स्टीलचे सहा पेले ओळीनं मांडले. तेव्हा स्टील म्हणजे केवढी ऐट! पेल्यांना हात लावायला घरच्यांना बंदी होती.

पाहुणे वेळेवर आले. सुधाकर, त्याची आई आणि त्याचे आजोबा. आजोबांना सगळे आबा म्हणत. पागोटं, पांढऱ्या मिशा, आणि ठार बहिरे. "त्यांना काही ऐकू येत नाही, तुम्ही मनावर घेऊ नका," सुधाकरनं आल्याआल्याच सांगितलं. आबांना मानाची खुर्ची हवी म्हणून नानांनी हात असलेली खुर्ची नेमकी कोठीला खेटून ठेवली. आबा बसले, पाठ कोठीला टेकली आणि सगळ्यांकडं बघून गोड हसले.

सुधाकरच्या आई मात्र हसत नव्हत्या. त्यांनी आल्यापासून छताचे वासे, भिंतीचे पोपडे आणि माझे केस, या क्रमानं तिन्हींकडं नापसंतीनं पाहून घेतलं होतं. ताई पोहे घेऊन आली. सुधाकरनं बशी घेताना वर पाहिलं, ताईनंही पाहिलं, आणि मला वाटलं, जमलं! त्याच क्षणाला डोक्यावरचा दिवा लागला.

"आली बाई लाईट," आई समाधानानं म्हणाली.

मला अँप्लिफायरचं बटण आठवलं. काचेचे वॉल्व्ह तापायला अर्धं मिनिट लागतं. मग गिटार कोठीला टेकलेली असली की एक भानगड होते. तार जराशी हलते, ती हालचाल कोठीतून मोठी होऊन बाहेर येते, तिनं कोठी हलते, कोठीनं गिटार हलते, गिटारनं तार आणखी हलते, आणि हे वाढतच जातं. थांबवायचे उपाय दोनच. एक म्हणजे कोठीमागं शिरून बटण बंद करणं, पण वाटेत आबा. दुसरा म्हणजे बाहेर ओट्यावरचा मेन स्विच, पण दारात सुधाकरच्या आईंची खुर्ची. मी उठलो.

"कुठं निघालास?" नाना हसऱ्या तोंडानं दातांतून म्हणाले.

"जरा बाहेर..."

"बस खाली."

मी बसलो. मनातल्या मनात आकडे मोजत होतो. सुधाकरच्या आई ताईला विचारत होत्या, "सैपाक येतो का समदा?" ताई तोंड उघडणार, तोच कोठीतून "ऊंऊंऊं" असा आवाज सुरू झाला.

"काय वाजतंय?" नानांनी इकडं तिकडं पाहिलं.

"विमान असंल," आई म्हणाली.

विमान काही जाईना. ते खोलीतच उतरायला लागलं! आवाज चढला. पोह्यांच्या बशा खडखडू लागल्या. कोठीवरचे स्टीलचे सहा पेले एका ओळीत चालत कडेकडं निघाले, आणि पहिला खाली पडला. मग दुसरा. आईला पाहुण्यांचं भान राहिलं नाही. "कमळाकाकूंचे हायत गं बाई!" म्हणत तिनं पदर पसरला आणि दोन झेलले. आणि मग, थरथरीनं सरकता सरकता, कोठीचं खालचं दार उघडलं.

बाजरी धो धो बाहेर आली. ती जमिनीवरून पसरत थेट सुधाकरच्या आईंच्या पायांपर्यंत गेली. त्या ताडकन उठल्या, बाजरीवरून घसरल्या आणि पुन्हा खुर्चीत बसल्या.

"नाना, स्विच!" मी ओरडलो आणि आबांच्या खुर्चीखाली शिरलो. खुर्चीला चार पाय, आबांना दोन, त्यातून मी वाट काढत होतो, तर माझा हात त्यांच्या धोतराच्या सोग्यात अडकला.

"सुधाकर, ऊठ!" सुधाकरच्या आई गरजल्या. "ह्या घरात भूत हाय न्हाईतर येडी मानसं हायती! चल!"

मी खुर्चीखालून ताईकडं पाहिलं. ती रडत नव्हती, आणि तेच वाईट होतं. ती खाली बसून बशा गोळा करायला लागली होती. मला तेव्हा वाटलं, ती गिटार घ्यावी आणि स्वतःच्या हातानं चुलीत घालावी.

तेवढ्यात माझ्या डोक्यावर कुणीतरी मोठ्यानं ओरडलं.

"इंजिन!"

आबा! दोन्ही तळवे कोठीला लावून, डोळे मोठे करून ते म्हणत होते, "इंजिन चालू झालं! सुधाकर, मला आयकू येतंय रं! आपलं इंजिन!"

सुधाकर जागचा हलेना. मग हळू आवाजात म्हणाला, "आई, बस. आबा पंधरा वर्षं विहिरीवरच्या इंजिनाशेजारी बसून पाणी काढत होते. त्यातच कान गेले. त्यांनी एवढ्या वर्षांत काही ऐकलेलं नाही." आणि मग, मास्तरच तो, नानांना समजावू लागला, "हा अनुनाद आहे. आवाज हाडांमधून जातोय. फार सुंदर उदाहरण आहे!"

एवढ्यात माझा हात बटणाला पोचला आणि मी ते बंद केलं. आबांनी खाली वाकून माझ्या पाठीत एक दणका घातला.

"बंद का केलंस? लाव!"

मी नानांकडं पाहिलं. नानांनी सुधाकरच्या आईंकडं, आणि त्यांनी आपल्या सासऱ्यांकडं. आबांच्या मिशांवरून पाणी ओघळत होतं. मी गिटार घेतली, बाजरीत मांडी घातली आणि वाजवायला लागलो. आबांनी कोठीला कान लावला. ताई हातात बशा घेऊन उभी होती, सुधाकर तिच्या शेजारी. तो म्हणाला, "बाजरी मी भरू लागतो," आणि दोघं खाली बसून सुपात बाजरी गोळा करायला लागले. निम्मी बाजरी सुपात आणि निम्मी बाहेर पडत होती, पण दोघांचंही तिकडं लक्ष नव्हतं.

"ही पोरगी आपल्या घरात येनार," आबांनी निकाल दिला. "आन् इंजिन लग्नाला पायजेच!"

सासऱ्यांपुढं सुधाकरच्या आईंचं काही चाललं नाही. (पुढं त्यांचं आणि ताईचं एवढं जमलं, की दोघी मिळून माझ्या केसांबद्दल बोलतात.)

लग्न मांडवात झालं. कोठी टेम्पोतून नेली. आबांसाठी तिच्याशेजारी खास खुर्ची ठेवली होती. त्या दिवशी मी असा वाजवला, असा वाजवला, की काय सांगू! मधे एक अवघड तुकडा होता, तो मी दोन महिने घोटला होता. तो झाला तेव्हा मांडवात टाळ्या पडल्या. नानासुद्धा पहिल्यांदाच म्हणाले, "चार तारांत बरंच काही येतं की!" ऑर्केस्ट्रातल्या मंडळींनी पाठ थोपटली. मी फुशारून आबांच्या पाया पडायला गेलो.

आबांनी कोठीवरचा हात काढला, मला जवळ ओढलं आणि कानात, म्हणजे साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं, सांगितलं, "लई झ्याक चालवतोस, पोरा! फकस्त मधी, लोकांनी टाळ्या वाजवायच्या आधी, एकदा इंजिन चुकलं बघ. नोझल साफ करून घे."

मी हसून मान डोलावली. पण त्यांनी सांगितलेली जागा अगदी बरोबर होती. त्या अवघड तुकड्यात माझा ताल खरंच चुकला होता, आणि भरल्या मांडवात ते कळलेला माणूस एकच होता, ठार बहिरा!