मॅट्रेसचा उगम

आईची गादी मधोमध पार दबली होती. ती पिंजायला घेऊन मी शनिवार पेठेजवळच्या आमच्या नेहमीच्या गादीवाल्या चाचांकडे गेले. साठी उलटलेली, पांढरी दाढी, चष्म्याच्या काडीला दोरा गुंडाळलेला. दुकानावर 'मॅट्रेस' अशी नवी पाटी दिसली.

"गादी म्हणायची लाज वाटते का आता?" मी विचारलं.

ते हसले. "बाई, हा शब्दही काही परका नाही. अरबीत 'तरह' म्हणजे खाली टाकणं. जिथे टाकायचं ती जागा 'मतरह'. लहानपणी मौलवीसाहेबांनी शिकवलेलं."

घरी येऊन कोश उघडला. अरबी मतरह, त्यावरून इटालियन मातेरास्सो, मग जुनं फ्रेंच, मग इंग्रजी. चाचांचं म्हणणं बरोबर होतं. मी तेव्हा कॉलेजात शिकवायचे, शिवाय एका साप्ताहिकात शब्दांच्या उगमावर सदर लिहायचे आणि त्या आठवड्यात विषय सुचत नव्हता. तासाभरात लेख झाला. 'एका कारागिराने मला सांगितलं' असं आधी लिहिलं होतं, ते खोडलं. जागा कमी आहे, अशी स्वतःची समजूत घातली. पण त्याऐवजी जे लिहिलं ते काही आखूड नव्हतं: 'शोध घेता घेता माझ्या लक्षात आलं.'

पुढच्या आठवड्यात गादी आणायला गेले, तर लेखाचं कात्रण दुकानाच्या भिंतीवर! माझ्या नावाखाली पेनाने रेघ.

"आमच्या धंद्यावर कोण लिहितं, बाई!" चाचा म्हणाले.

कॉलेजात जाणारी त्यांची नात बिल करत होती. तिने मान वर केली. "पण आजोबा, हे तर तुम्हीच आम्हाला सांगता."

"अगं, बाई प्रोफेसर आहेत. त्यांना आधीच ठाऊक होतं."

ते माझ्याकडे न बघता गादीला दोरी बांधत राहिले. मी बिलाचे पैसे दिले. गादी रिक्षात घालून निघून आले.

दोन दिवस घास गोड लागेना. शेवटी पुन्हा गेले. नात नव्हती. "चाचा, चूक झाली. पुढच्या लेखात तुमचं नाव घालते."

त्यांनी हातातला कापूस खाली ठेवला. "नको, बाई. मग नातीला काय सांगू? आजोबा खोटं बोलले?"

मी फारसा आग्रह धरला नाही. त्यांचा नकार मला सोयीचाच होता, हे तेव्हाही कळत होतं. पुढचा लेख दुसऱ्याच शब्दावर लिहिला.