वजनाचा रकाना

गौतमी कोकरे रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत, मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात रंगतपासणीचे काम करते. प्रखर पांढऱ्या उजेडाखाली दर दोन मिनिटांना एक बंपर तिच्यासमोर येतो. रंगाचा ओघळ आला आहे का, धुळीचा कण अडकला आहे का, पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत झाला आहे का, हे पाहून तिने त्यावर हिरवी किंवा लाल चिठ्ठी लावायची असते. बारा वर्षांत तिची लाल चिठ्ठी वरिष्ठांनी दोनदाच फिरवली आणि ते दोन्ही बंपर गिऱ्हाइकाकडून परत आले. ती शिरूरमध्ये दोन खोल्यांत राहते. लग्न केलेले नाही. कारण विचारणाऱ्यांना ती शिफ्टचे वेळापत्रक दाखवते.

तिच्या दुसऱ्या कामाची सुरुवात याच कारखान्यात झाली. एक कोरियन अभियंता मायदेशी परतताना आपल्या टेबलावरची एक मूर्ती तिला देऊन गेला. व्हिडिओ गेममधला कोणी चिलखतधारी योद्धा होता तो, वीतभर उंचीचा, रेझिनचा. रेझिन म्हणजे साच्यात ओतल्यावर घट्ट होणारा राळेसारखा पदार्थ. त्यावर कारागीर हाताने रंग चढवतात. गौतमीने ती मूर्ती घरी नेऊन भिंगाखाली धरली, आणि योद्ध्याच्या कमरपट्ट्याच्या बकलावर रंगाचे पाच थर मोजले. बंपरवर तीनच असतात. त्या दिवसापासून तिला या मूर्तींचा नाद लागला तो लागलाच. गेम मात्र ती आजतागायत एकही खेळलेली नाही. कोणती नायिका कोणत्या राक्षसाला मारते हे तिला ठाऊक नसते. पण त्या नायिकेच्या झग्याची शिवण साच्यातून आलेली आहे की मागाहून कोरलेली, हे ती सांगू शकते.

अशा मूर्ती जमवणारे लोक पुण्यात पुष्कळ आहेत. शिरूर-दौंडकडेही पंधरावीस निघाले. त्यांत कारखान्यांतले इंजिनिअर होते, तसेच उसाच्या पैशावर हौस पुरवणारी बागायतदारांची मुलेही होती. मूर्ती अस्सल की नकली, हे ठरवण्यासाठी ते गौतमीकडे येऊ लागले. तिने एक जाड बांधणीची नोंदवही केली आणि तिच्यात आठ रकाने आखले: उंची, वजन, बैठकीखालचा क्रमांक, सांधे, रंगाचे थर, मोडतोड, दुरुस्ती आणि खोका. आठही रकाने भरल्याशिवाय ती प्रमाणपत्रावर सही करीत नसे. तिची सही असली की मूर्ती नाशिक-कोल्हापूरपर्यंत बिनघोर हिंडत असे.

ही पारख तिला कारखान्याने शिकवली असे लोक समजतात; ते अर्धेच खरे. तिचे वडील खंडू कोकरे, ज्यांना सारे कासुर्डी गाव आबा म्हणते, तरुणपणी दरसाल मेंढरे घेऊन कोकणात उतरत. पुढे शेती झाली, कळप सरला, दहाबारा मेंढरे उरली. पण यवतच्या बाजारात मेंढरू घ्यायचे तर लोक अजूनही आबांना सोबत नेतात. आबा मेंढराकडे बघतसुद्धा नाहीत. मान वर करून, डोळे मिटून ते कण्यावरून आणि कमरेवरून बोटे फिरवतात. बाजाराच्या आदल्या दिवशी काही व्यापारी मेंढरांना मीठ चारतात, मग ती घटाघटा पाणी पितात आणि काट्यावर भारी भरतात. दहा वर्षांच्या गौतमीचा हात आपल्या हातात धरून आबांनी मेंढीच्या पाठीवर ठेवला होता आणि सांगितले होते, "प्वाट न्हाई चाचपायचं. प्वाटात पानी आसतंय. पाठ बघ."

केडगावचा विश्वजीत ताकवणे हा त्या बागायतदारांच्या मुलांपैकी एक. ऊस आणि ट्रॅक्टरची एजन्सी सांभाळून त्याने दहा मूर्ती जमवल्या होत्या, आणि दहाही मूर्तींना गौतमीचे प्रमाणपत्र होते. त्यांतली मानाची मूर्ती ओरिना या गेममधल्या नायिकेची: एका हातात लांब भाला, दुसऱ्या हातात कंदील, पायाशी लांडगा. साऱ्या जगात तिच्या तीनशेच प्रती काढलेल्या. विश्वजीतच्या मूर्तीचा क्रमांक एकशे सतरा. गेल्या वर्षी तो प्रमाणपत्रासाठी घायकुतीला आला तेव्हा भाद्रपद होता आणि ओरिना गौरीच्या आराशीत उभी होती. त्याच्या आईने, गिताबाईंनी, भातुकलीची भांडी, मातीचे बैल आणि मुलाच्या या रंगीत बाहुल्या अशी सगळी मांडणी गौरींपुढे केली होती. एकदा मांडलेली आरास विसर्जनापर्यंत हलवायची नाही, असा त्या घरचा रिवाज. गौतमीने बॅटरी आणि भिंग घेऊन गुडघ्यांवर बसून ओरिना न्याहाळली. रंग चोख होता. बैठकीखालचा क्रमांक विश्वजीतने फोनमधल्या फोटोत दाखवला. वजनाचा रकाना तेवढा उरला. खोक्यावर दोन किलो सहाशे चाळीस ग्रॅम असे छापलेले होते. गौतमीने तेच उतरवून घेतले आणि सही केली.

वर्षभर तिला त्याची आठवणही झाली नाही. यंदा श्रावणात पुण्यातल्या एका प्रदर्शनात एका गृहस्थांनी आपली ओरिना तिच्या हातात दिली, आणि ती मूर्ती गौतमीच्या हातून निसटता निसटता राहिली. भार सगळा वर होता, भाल्याच्या खांद्यात आणि कंदिलाच्या हातात. बैठक पोकळ, हलकी. एका ओरिनावर सही करूनही हा तोल तिच्या हाताला नवा होता. शिरूरला परतल्यावर तिने नोंदवही काढली. हाताने रंगवलेली कोणतीही मूर्ती खोक्यावर छापलेल्या वजनाइतकी नेमकी कधीच भरत नाही. पाचदहा ग्रॅम इकडे किंवा तिकडे असतातच. वहीतल्या एकशे चार नोंदींपैकी एकच नोंद खोक्याशी ग्रॅमला ग्रॅम जुळत होती. ती विश्वजीतच्या ओरिनाची.

त्याच आठवड्यात विश्वजीतचा निरोप आला. नाशिकच्या मोनिका पगार नावाच्या संग्राहक बाई गौरी-विसर्जनाच्या दिवशी दुपारी येणार होत्या. त्यांच्या दोन मूर्ती देऊन ओरिना नेणार होत्या. त्यांनी मूर्ती पाहण्याचाही हट्ट धरला नव्हता. प्रमाणपत्राच्या फोटोवर सौदा ठरला होता.

गौरीपूजनाच्या दिवशी पहिली शिफ्ट संपवून गौतमी स्कूटरने न्हावरे-चौफुला मार्गे केडगावला पोचली. ओरिना यंदाही धाकट्या गौरीच्या उजव्या हाताला होती. तिच्या लांडग्यापुढे कोणीतरी करंजी ठेवली होती. गौतमीने विश्वजीतला बाजूला घेऊन, वजन आपण केलेच नव्हते, हे एका दमात सांगून टाकले. मूर्ती पुन्हा तपासायची आहे, म्हणाली.

विश्वजीत हसला. वर्ष झाले, कोणी एका शब्दाने विचारले नाही, आता कशाला उकरून काढता, असे त्याने समजावले. मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "ताई, त्या बाई मूर्तीवर न्हाई, तुमच्या सहीवर येत्यात. सही झालीया. इषय संपला."

"सही माझी हाय दादा, म्हणूनच आले," गौतमी म्हणाली. "उद्या त्या यायच्या आत मला ती उचलून बघायची हाय."

आराशीला हात लावायचा म्हणजे गिताबाईंची परवानगी हवी. त्या पुरणाच्या हाताने बाहेर आल्या, सगळे ऐकून घेतले आणि नाही म्हणाल्या. विसर्जन उद्या संध्याकाळी, तोवर वातसुद्धा सरकणार नाही. गौतमीने वाद घातला नाही. त्या घरचा नियम तिला मान्य होता. गेल्या वर्षी तो मोडायला हवा होता असे तिला कधीच वाटले नव्हते. चुकले होते ते एवढेच, की तिने विसर्जनापर्यंत थांबायला हवे होते आणि ती थांबली नाही. ती ओसरीवर बसली आणि म्हणाली, "काकू, मी बसते. आरास उठंल तवा बघते. पन तवर त्या बाई येऊन मूर्ती घेऊन जातील. माझ्या सहीनं."

गिताबाई तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "म्हंजी माझ्या गौराईपुढं वरीसभर खोटं मांडलं म्हनती व्हय गं तू?"

"ठावं न्हाई. त्येच बघायचंय."

"मग मलाबी कळाया पायजे," गिताबाई म्हणाल्या. "उत्तरपूजा सकाळीच करीन. अक्षता पडल्या की आरास मोकळी. जेवून जा, आन् सकाळी ये."

गौतमी कासुर्डीला वडिलांच्या घरी मुक्कामाला गेली. आबांना तिने सगळे सांगितले. त्यांनी दोष दिला नाही आणि धीरही दिला नाही. एवढेच विचारले, की गेल्या वर्षी हात बांधले होते काय.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिताबाईंनी गौरींची उत्तरपूजा केली, दहीभाताचा नैवेद्य दाखवला, अक्षता वाहिल्या आणि स्वतःच्या हातांनी ओरिना उचलून गौतमीपुढच्या पांढऱ्या चादरीवर ठेवली. गौतमीने तपासणीचे हातमोजे चढवले, काटा सपाट जमिनीवर मांडला, शून्य पाहून घेतले आणि मूर्ती ठेवली. दोन किलो सहाशे अडतीस.

विश्वजीतने मोठा श्वास सोडला. दोनच ग्रॅमचा फरक, तोही रंगाचा. "करा पास मॅडम, लावा हिरवी चिठ्ठी," तो म्हणाला, आणि मोनिकाबाईंना फोन लावायला वळला.

गौतमी जागची हलली नाही. काटा बरोबर होता; पण मेंढराचाही काटा बरोबरच असतो. तिने मान वर केली, डोळे मिटले आणि मूर्ती कमरेपाशी दोन बोटांवर आडवी धरली. पुण्याची ओरिना भाल्याच्या बाजूला झेपावली होती. ही बैठकीच्या बाजूने सरळ खाली गेली. तिने पुन्हा धरून पाहिले, पुन्हा तेच. मग खिशातून कारखान्यातले छोटे लोहचुंबक काढून तिने बैठकीखाली नेले. ते टक्‌ आवाज करून चिकटले आणि सोडले तरी पडले नाही.

रेझिनला चुंबक चिकटत नाही, हे विश्वजीतला समजावून सांगावे लागले नाही. अस्सल मूर्तीवरून कोणीतरी साचा काढला होता, आतून पातळ प्रत ओतली होती, आणि तिचे वजन भरून काढण्यासाठी बैठकीत लोखंडाचा कीस कोंबला होता. रंगवणारा हात मात्र पट्टीचा होता. गेल्या वर्षी तिने भिंगातून पाहिले होते ते सगळे खरेच होते.

विश्वजीत आधी मूर्ती विकणाऱ्या पुण्याच्या दलालावर संतापला, मग गौतमीवर. नाशिकहून पाहुण्या निघाल्या आहेत, त्यांच्यासमोर आपली शोभा होणार. चुंबकाचे कोणाला कळले असते? गौतमीने नोंदवही उघडली, ओरिनाच्या नोंदीवर लाल शाईने आडवी रेघ मारली आणि वजनाच्या रकान्याखाली लिहिले: 'हे वजन मी केले नव्हते. खोक्यावरून उतरवले होते.' तारीख घातली, सही केली. मग विश्वजीतजवळचे मूळ प्रमाणपत्र मागून घेतले आणि त्यावरही तेच लिहिले.

"त्यांना मी सांगते," ती म्हणाली. "तुमच्याकडं खोट न्हाई. माझ्याकडं हाय."

मोनिका पगार दुपारी एक वाजता आल्या. गाडीच्या मागच्या सीटवर दोन खोके पट्ट्याने बांधलेले होते. त्या चपला काढून ओसरीवर टेकतात न टेकतात तोच गौतमीने चुंबक त्यांच्या हाती दिले, लाल रेघ दाखवली आणि काय घडले ते क्रमाने सांगितले. पाच तास गाडी चालवून आलेल्या त्या बाईंच्या चेहऱ्यावर आधी नुसता थकवा दिसला, मग राग.

"माझ्याकडे तुमच्या सहीच्या चार मूर्ती आहेत," त्या म्हणाल्या. "त्यांचं मी काय समजायचं आता?"

हाच प्रश्न गौतमी श्रावणापासून स्वतःला विचारत होती. तिने नोंदवही त्यांच्यापुढे सरकवली. एकशे तीन मूर्ती आपण हाताने उचलल्या आहेत, असे ती म्हणाली. पण हेही आपल्याच तोंडचे झाले, तेव्हा त्यांनी विश्वास ठेवू नये. त्या चार मूर्ती येत्या रविवारी नाशिकला येऊन आपण त्यांच्यासमोर पुन्हा तपासू. बाकीच्याही, ज्याच्या त्याच्या दारात जाऊन.

विश्वजीत दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होता. तो आत गेला. कपाट उघडल्याचा आवाज आला. एकेक करून त्याने उरलेल्या नऊ मूर्ती आणल्या आणि चादरीवर ओळीने मांडल्या. "नाशिक मागनं," तो गौतमीकडे न पाहता म्हणाला. "आधी ह्या. त्यांच्या डोळ्यांदेखत."

मोनिकाबाईंनी वही मांडीवर घेतली. गौतमी मूर्ती काट्यावर ठेवी आणि आकडा मोठ्याने वाची. बाई वहीतला आकडा वाचत. मग आडवी धरणे, मग चुंबक. आठ मूर्ती जुळल्या. नववी, एक पंखवाली तिरंदाज, तीन ग्रॅम कमी भरली. विश्वजीत ताठ झाला. गौतमीने मूर्ती उजेडाकडे फिरवली. पाठीवरच्या भात्यातला एक बाण मुळापासून तुटला होता. गिताबाई लाजून उठल्या आणि देवघरातल्या हळदीच्या करंड्यातून तो बाण घेऊन आल्या; झाडताना तुटला म्हणून त्यांनी जपून ठेवला होता. बाण काट्यावर ठेवल्यावर आकडा जुळला. मोडतोडीच्या रकान्यात गौतमीने तशी नोंद केली.

मोनिकाबाई काही वेळ वहीची पाने चाळत बसल्या. मग गाडीकडे जाऊन त्यांनी आपले दोन्ही खोके आणले आणि चादरीच्या टोकाशी ठेवले. यांच्यावर कोणाचीच सही नाही, म्हणाल्या. सहाला निघायचे आहे, तेवढ्यात पाहून द्याल का?

गौतमीने अंगणाकडे पाहिले. आभाळ भरून आले होते, आणि ओसरीवरचा उजेड रंगाचे थर मोजण्याइतका राहिला नव्हता.

"आज न्हाई होणार," ती म्हणाली. "सकाळी, उजेडात. घाई असंल तर न्या परत."

बाईंनी खोक्यांकडे पाहिले, मग लाल रेघेच्या पानाकडे. "मग राहते," त्या म्हणाल्या.

गिताबाईंनी संध्याकाळच्या जेवणाला दोन ताटे जास्त धरली. ओरिनाला त्यांनी पदराने पुसले आणि पुढल्या वर्षीच्या आराशीसाठी, आता नुसती बाहुली म्हणून, मातीच्या बैलांच्या टोपलीत ठेवून दिले. गौतमी हातमोजे काढून वहीत नवे पान आखत होती. आठ रकाने आखून झाल्यावर तिने वजनाचा रकाना खोडला आणि तो उंचीच्याही आधी, पहिला घेतला.