आत्याचा तळहात

आत्या गेल्याचा फोन मला कळलाच नाही. कॉलेज सुटल्यावर चारोटीहून तलासरीकडे येणाऱ्या जीपमध्ये बसले होते. फोनचा आवाज बंद, तो मांडीवरच्या पिशवीत. जीपची थरथर कुठली आणि फोनची कुठली, मांडीला वेगळं करता आलं नाही. पाड्याच्या वाटेला उतरले तेव्हा दादाचे कितीतरी मिसकॉल दिसले. त्याला काही आठवडे झाले, पण माझा गोंधळ मिटलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आत्या, बाबांची मोठी बहीण, आमच्याकडेच राहायची. आमच्या भागात मधूनमधून जमीन हलते. धक्का बसला की आम्ही सगळे अंगणात पळायचो. आत्या मात्र ओट्याच्या कडेला बसलेली असायची, उजवा तळहात सारवलेल्या जमिनीवर टेकवून. "थांबा, अजून आहे," म्हणायची. मग थोड्या वेळाने, "गेला. भात बघा, करपेल." पाड्यावर लोक म्हणायचे, हिला जमिनीचं कळतं. खरं कारण साखरेच्या आजाराचं होतं... तिचे पाय बधिर झाले होते. काटा रुतला तरी समजायचं नाही, म्हणून ती जमिनीला हातानं विचारायची.

डहाणूच्या डॉक्टरांनी एकदा चिमट्यासारखा पोलादी नादकाटा आपटून थरथरता केला आणि तिच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला. "कळतंय का, मावशी?"

"कळतंय."

त्यांनी चिमटा मुठीत धरून थांबवला, पुन्हा टेकवला. "आता?"

"आता पण कळतंय."

डॉक्टर हसले, मीही हसले. "अगं आत्या, तो बंद होता!"

"असेल. एवढा शिकलेला माणूस वाकून विचारतोय, त्याला नाही कसं म्हणू, बाय?"

मग चिमटा पुन्हा आपटून गुडघ्यावर टेकवला, तिथे मात्र ती दचकली. डॉक्टर म्हणाले, बोटांच्या टोकांना बारीक थरथरही कळते, मांडीला, पाठीला कमी. आणि हाडातून ती पुढेही सरकते.

शेवटच्या दिवसांत दवाखान्यात मी तिचे तळवे चोळत बसायचे. तिचे डोळे मिटलेले असायचे. "आत्या, मी आहे. कळतंय का?"

"कळतंय."

ते खरं होतं का? पायांना तर काहीच समजत नव्हतं. की माझ्या हाताची हालचाल हाडातून गुडघ्यापर्यंत पोचत होती? की मला वाईट वाटू नये म्हणून... कॉलेजच्या पुस्तकात तळव्याच्या कातडीबद्दल वाचलं, पण याचं उत्तर त्यात नव्हतं.

परवा पुन्हा जमीन हलली. सगळे अंगणात आलो. ओट्याच्या कडेला, तिच्या हाताच्या जागी, सारवण अजून गुळगुळीत आहे. मी खाली उभी राहून तिथे तळहात टेकवला. आईने माझ्या धाकट्या भावाला घट्ट धरलं होतं. "गेला का गं?" तिने मला विचारलं. थरथर जमिनीची होती की माझ्याच हाताची, मला खरंच सांगता येईना... आई माझ्याकडे बघत होती.

"गेला," मी म्हटलं. "भात बघ, करपेल."